डाव्या कानामागची गाज

डाव्या कानामागे, हाडाचा उंचवटा संपून मान सुरू होते तिथे ती दोन बोटं दाबून धरायची आणि मग म्हणायची, "बोला, मी ऐकतेय." धनबादचा कॉल असो की गुवाहाटीचा, लाईन खरखरीत असली की बोटं तिथे गेलीच म्हणून समजा. तुमच्याही पाहण्यात असतील अशी माणसं. कोणी विचार करताना कानाची पाळी ओढतं, कोणी बोटातली अंगठी फिरवतं. तसलीच ही एक लकब, असं आम्ही धरून चाललो होतो.

तिचं नाव सांगत नाही. कलकत्त्याच्या ट्रंक एक्सचेंजमध्ये बंगाली मुली तिला दीदी म्हणत, मी ताई म्हणायचे. पहिल्या दिवशी मी "अहो ताई, तुम्ही" अशी सुरुवात केली तर तिने हात वर केला. "अहो-जाहो घरी. बोर्डावर तेवढ्यात एक कॉल लागतो."

साठचं दशक संपत आलं होतं. परगावी फोन करायचा म्हणजे आधी नंबर नोंदवायचा आणि मग वाट बघत बसायचं, असे ते दिवस. एका लांब खोलीत भिंतभर बोर्ड, त्यावर शेकडो भोकं आणि इवले इवले दिवे, समोर उंच स्टुलांवर ओळीने आम्ही बारा जणी. दिवा लागला की दोरीचं टोक त्या भोकात खुपसायचं, नंबर विचारायचा, दुसरी दोरी दुसऱ्या गावाच्या भोकात घालायची. डाव्या कानावर हेडसेट. मागून सुपरवायझर बाई फेऱ्या मारायच्या. त्यांच्या टाचांचा आवाज आला की आमच्या पाठी आपोआप ताठ व्हायच्या.

माझ्या वडिलांची केंद्र सरकारी नोकरीत बदली झाली म्हणून आम्ही कलकत्त्याला आलो आणि बागबाजारात बिऱ्हाड केलं. मराठे शहरात घुसू नयेत म्हणून एके काळी खंदक खणला होता, तो म्हणे तिथूनच सुरू व्हायचा. आम्ही ट्रंका-वळकट्या घेऊन बिनविरोध आत शिरलो. मराठी म्हणून बोर्डावर आम्ही दोघीच. मुली आम्हाला 'बर्गी' म्हणून चिडवायच्या. बर्गी म्हणजे त्या काळी बंगाल लुटायला आलेले मराठी स्वार. ताईला राग यायचा नाही. "लुटायला आलो आणि बोर्डावर बसलो," म्हणायची.

ती जन्माने कलकत्त्याची, माझ्याहून पंधरा वर्षांनी मोठी, लग्न न केलेली. आमच्याच पाड्यात, म्हणजे मोहल्ल्यात, नदीच्या घाटाजवळ धाकट्या भावासोबत राहायची. तिचं मराठी आईकडून आलेलं आणि बंगालीत मुरलेलं. बंगाली माणूस पाणीही खातो आणि चहाही खातो, तशी तीही मला म्हणायची, "चहा खाऊन जा गं." मी हसले की डोळे वटारायची. "पोटातच जातो ना? मग?"

नव्या मुलीला शिकवायचं काम तिचं. तिची रीत ठरलेली होती. हेडसेट कानावर चढवला की आधी दोरी कुठेच घालू द्यायची नाही. "आधी गाज ओळख," म्हणायची. "लाईनच्या मागे एक गाज असते. येते, जाते, येते, जाते. ती ओळखायची, मग ती वजा करायची. उरेल तो माणूस." हा शब्द तिच्या कोकणातल्या आईचा, समुद्रावरचा. गाज जास्त झाली तर काय करायचं, तेही ती दाखवायची: कानामागे दोन बोटं दाबायची, कमी होते.

मी ऐकलं. खुट् खुट् असे आवाज होते, मधेच दूरवरचं कोणाचं तरी बोलणं होतं, आणि बाकी शांतता होती. गाज नव्हती.

"आली?" ताईने विचारलं.

मी ओळीकडे पाहिलं. बाकीच्या सगळ्या जणी कानामागे बोटं दाबून बोलत होत्या. इतक्यांना येते आणि मलाच येत नाही म्हणजे माझाच कान मठ्ठ, असं मला वाटलं. वीस वर्षांची होते, नोकरी जाईल ही भीती होती.

"हो ताई, येतेय," मी म्हणाले आणि माझीही दोन बोटं कानामागे गेली.

ताईसारखी ऑपरेटर मी पुन्हा पाहिली नाही, हे मात्र खरं. जी लाईन आम्ही मेली म्हणून सोडून द्यायचो, तिच्यातून ती शब्द वेचून काढायची. दोन्हीकडच्या माणसांना एकमेकांचं ऐकू येत नसलं की ती मधे बसून इकडचं तिकडे सांगायची. एकदा कटकहून एका मुलाचा कॉल होता, इथे त्याचे म्हातारे वडील. मधे नुसती खरखर. ताईने बोटं दाबली, डोळे मिटले आणि सपाट आवाजात म्हणाली, "तो म्हणतोय, आई सकाळी गेली." पलीकडे काहीच आवाज येईना, तेव्हा तिने नखाने तोंडासमोरच्या कर्ण्यावर दोनदा टक् टक् केलं. ती तिची खूण होती: मी लाईनवर आहे, तुम्ही एकटे नाही. म्हाताऱ्याने फोन ठेवेपर्यंत तिने दोरी काढली नाही.

आता मागे वळून पाहते तेव्हा वाटतं, सगळं आमच्या डोळ्यांसमोर होतं. लोडशेडिंगमध्ये लिफ्ट बंद पडली की चार मजले चढून ती यायची, हेडसेट लावायची आणि म्हणायची, "आज लाईन धावतेय." चहाची सुट्टी झाली की म्हणायची, "आता निवली." लाईन माणसासारखी जिने चढून दमते का, असं आमच्यापैकी एकीच्याही मनात आलं नाही. वरिष्ठ बाई सांगतेय म्हणजे असेल. आपल्याकडे अशानेच पुष्कळ गोष्टी असतात.

एकदा घाटावर बसलो होतो, रविवारी संध्याकाळी. ती म्हणाली, "सुट्टीच्या दिवशीही येते गं गाज. उशीवर डोकं ठेवलं की जास्त. लहानपणी मी आईला विचारायचे, तर ती म्हणायची, गंगेची आहे." मग म्हणाली, "मामाकडे नाशिकला गेले होते, तिथेही यायची. तिथे गोदावरी."

"आणि जिथे नदी नसेल तिथे?" मी गमतीने विचारलं.

"तिथे मी गेलेच नाही," ती म्हणाली. समोर पाणी अगदी संथ होतं, त्याचा काडीचाही आवाज येत नव्हता. मी विषय बदलला.

चार-पाच वर्षं अशी गेली. मग डमडमहून येणारी एक नवी मुलगी लागली, सडपातळ, फटकळ. ताईने हेडसेट चढवला, गाज समजावली आणि विचारलं, आली? मुलीने नीट कान देऊन ऐकलं आणि मान हलवली. "किछुई तो शुनछि ना, दीदी." काहीच ऐकू येत नाही.

"नीट ऐक."

"नीटच ऐकतेय. काहीच नाही. लाईन साफ आहे."

ताईने तिचा हेडसेट काढून स्वतःच्या कानाला लावला, मग दुसऱ्या जागेवरचा लावून पाहिला. मग ती ओळीत पहिल्या जागेपासून निघाली. प्रत्येकीच्या स्टुलामागे थांबायची आणि हळूच विचारायची, "तुला येते ना?" कोणी खाली बघितलं, कोणी ओशाळं हसलं. प्रत्येकीने मान हलवली. नाही, दीदी. कधीच नाही. दिवे लागत होते आणि कोणी दोरी उचलत नव्हतं. ओळीतली बोटं एकेक करून कानांमागून खाली आली, ते मला अजून दिसतं.

"सगळ्या एकसारख्या खोट्या," ती म्हणाली. "शिस्त चांगली आहे हो बोर्डावर." पण तिला हसू आलं नाही. चेहरा पांढरा पडला होता. मी ओळीत शेवटची. माझ्यापाशी आल्यावर ती मराठीत म्हणाली, "कानाच्या डॉक्टरकडे जाऊन यावं का गं? की तुला तरी येते?"

तिच्या चेहऱ्याकडे बघून मला खरं बोलवेना. चार वर्षांपूर्वीचं खोटं भीतीचं होतं, हे मायेचं होतं, एवढाच फरक. "मला येते की, ताई," मी म्हणाले.

तिचा चेहरा असा उजळला की मलाही बरं वाटलं. "बघा!" ती ओळीला ऐकू जाईल असं बंगालीत म्हणाली, "बर्गींनाच येते. मराठी कान पाहिजेत त्याला!" सगळ्या हसल्या, दिव्यांवर दोऱ्या चढल्या, आणि डॉक्टर राहून गेला.

त्यानंतर वर्षभर ती माझ्याशी गाजेबद्दल बोलायची, दोघींच्या सामाईक नातेवाइकाबद्दल बोलावं तशी. "आज जरा बारीक आहे ना?" "हो ताई." "काल फारच चढली होती, नाही?" "हो गं, फारच." खोटं एकदा बोललं की त्याला रोज खायला घालावं लागतं, ते मी तिथे शिकले.

वैशाखातली दुपार होती. वीज गेलेली, पंखे बंद, बोर्ड तेवढा बॅटरीवर चालू. ताई जमशेदपूरच्या कॉलवर होती. बोटं कानामागे होतीच. एकाएकी तिने हेडसेट काढला, मांडीवर ठेवला आणि त्याच्याकडे बघत राहिली.

"मी हेडसेट काढलाय ना गं?" तिने मला विचारलं.

"काढलायस, ताई."

"मग ही एवढ्या जोरात कुठून येतेय?"

 तिने दोन्ही हातांनी डोकं धरलं, "फुटलं" असा काहीसा शब्द उच्चारला आणि स्टुलावरून माझ्या अंगावर कोसळली. तिचा उजवा हात आणि उजवा गाल झटके देत होते. सुपरवायझर बाईंनी अॅम्ब्युलन्सला फोन लावला. जमशेदपूरचा दिवा किती तरी वेळ लुकलुकत राहिला.

इस्पितळात आठ दिवसांनी ती नीट बोलायला लागली. मेंदूतली शीर फुटून थोडा रक्तस्राव झाला होता. डॉक्टर वयस्क, मृदू बोलणारे बंगाली गृहस्थ होते. तिच्या मानेत सुई टोचून, रक्तात औषध सोडून त्यांनी डोक्याचे फोटो काढवले होते. "डोक्यात कोणी उकळतं पाणी ओतलं असं वाटलं," ताईने मला सांगितलं. डॉक्टरांनी फिल्म खिडकीसमोर धरली. कवटीच्या डाव्या बाजूला पांढऱ्या दोऱ्यांचा एक भला मोठा गुंता होता, आमच्या बोर्डाच्या पाठीमागे असतो तसला.

"हृदयाकडून येणारं रक्त जोरात येतं," डॉक्टर म्हणाले. "परत जाणारं सावकाश जातं. मधे केसाहून बारीक वाहिन्यांचं जाळं असतं, तिथे त्याचा जोर मोडतो. तुझ्या मेंदूत या एका जागी ते जाळं झालंच नाही, जन्मापासून. जोराचं रक्त थेट नाजूक शिरांत घुसतं. त्या शिरा फुगतात आणि कधी तरी फुटतात."

ताई म्हणाली, "म्हणजे मधे एक्सचेंजच नाही. सरळ जोडणी."

डॉक्टर हसले. मग त्यांनी स्टेथोस्कोपचं तोंड तिच्या डाव्या कानामागे टेकवलं, बरोबर तिची दोन बोटं जायची तिथे, आणि स्वतः ऐकून नळ्या माझ्या हातात दिल्या. "ऐका. बाहेरूनही ऐकू येतं."

मी नळ्या कानात घातल्या.

गाज होती. येत होती, जात होती, येत होती, जात होती, दूर कुठे कोणी सावकाश करवत चालवावी तशी. तिने पहिल्या दिवशी सांगितली होती अगदी तशीच, एका शब्दाचाही फरक नाही. एका जिवंत माणसाच्या डोक्यात ती चाळीस वर्षं चालू होती आणि मी तिच्या शेजारच्या स्टुलावर बसून "हो, आज बारीक आहे" म्हणत होते.  ताई माझ्या तोंडाकडे बघत होती.

"आली?" तिने विचारलं.

"आली, ताई." मग माझा बांध फुटला. "आज पहिल्यांदा आली."

खोलीत ती, तिचा भाऊ, डॉक्टर आणि मी. मराठी कळणारे आम्ही तिघं.  ताई म्हणाली, "म्हणजे इतकी वर्षं मी एकटीच."

ती रागावली असती तर मला सोसलं असतं. डॉक्टर भावाला इंग्रजीत सांगत होते, की शीर फुटायच्या आधी कळलं असतं तर सवडीने विचार करता आला असता. आता हे पुन्हा कधी फुटेल सांगता येत नाही. दक्षिणेत एका मोठ्या इस्पितळात अशी शस्त्रक्रिया करतात. गुंता निघू शकतो. पण तो बोलण्याच्या केंद्राला चिकटून आहे, तेव्हा वाचा जाण्याचा धोका आहे, जिवाचाही आहे. हे सगळं मी ऐकत होते आणि 'डॉक्टरकडे जाऊन यावं का गं' हे तिचं वाक्य माझ्या डोक्यात फिरत होतं.

भाऊ म्हणाला, नको, आहे तसं राहू दे. मीही तेच म्हणाले. जिचा आवाज हेच जिचं पोट, तिने तोच पणाला लावायचा?

"एकदा तरी रिकामी लाईन ऐकायची आहे मला," ताई म्हणाली. "जन्मभर वजाबाकी करतेय. तुम्हाला सगळ्यांना फुकट मिळालेली गोष्ट आहे ती. मी ती मागितलीही नव्हती, कारण अशी काही असते हे मला माहीतच नव्हतं."

मी गप्प राहिले असते, खोटं तसंच चालू ठेवलं असतं, तर ती गेली नसती, असं मला आजही कधी कधी वाटतं. आणि वर्षभर आधी खरं बोलले असते तर कदाचित वाचली असती, असंही वाटतं. या दोन्हींच्या मधे कुठे बसायचं ते मला अजून सापडलेलं नाही.

हावड्याला गाडीत बसवायला गेले तेव्हा तिने खिडकीतून माझा हात धरला. "पुढच्या मुलीला शिकवशील तेव्हा काय ऐकू यायला पाहिजे ते सांगू नकोस," म्हणाली. "काय ऐकू येतंय ते विचार." मग गाडी हलली तशी ओरडली, "घरी जा आणि चहा खा!"

महिन्याभराने दुपारी माझ्या जागेवर दक्षिणेचा दिवा लागला. तिकडच्या ऑपरेटरने जोडून दिलं. ताईचा भाऊ होता. "शस्त्रक्रिया झाली," तो म्हणाला. "शुद्धीवर आहे. सगळं कळतं तिला, पण बोलता येत नाही. आवाज गेला असं डॉक्टर म्हणतात, डोक्यातला. पण ती दिवसभर पट्टीवरून कानामागे दोन बोटं दाबते. सोडते. पुन्हा दाबते. आणि मग रडते." मग म्हणाला, "चाकाच्या खुर्चीवरून फोनपाशी आणलंय. तिच्या कानाला लावतो."

माझी बोटं आपोआप कानामागे गेली. "ताई," मी म्हणाले, "बोल, मी ऐकतेय."

इतक्या लांबची लाईन, पण त्या दिवशी विलक्षण साफ होती. खरखर नाही, दुसऱ्या कोणाचं बोलणं नाही. फक्त तिचा श्वास.  शेवटी जे खरं होतं ते सांगितलं. "ताई, लाईन रिकामी आहे. मलाही काही ऐकू येत नाही. दोघींनाही सारखंच."

पलीकडे नखाने दोनदा वाजलं. टक् टक्.

तीन मिनिटं झाली, चार झाली. सुपरवायझर बाई माझ्यामागे येऊन थांबल्या आणि काही न बोलता पुढे गेल्या. मी दोरी काढली नाही. पलीकडून फोन ठेवल्याचा आवाज आला तेव्हाच काढली. नवव्या दिवशी तिच्या भावाची तार आली. मी तिच्या रिकाम्या स्टुलाकडे तोंड करून रडले, आणि ओळीतल्या सगळ्या जणी रडल्या, डमडमची सुद्धा.

पुढे नव्या मुलींना शिकवण्याचं काम माझ्याकडे आलं. ताईला ज्यांनी कधी पाहिलंही नाही, अशा मुली बोर्डावर आल्या. पण लाईन खराब असली की त्यांचीही दोन बोटं डाव्या कानामागे जायची. जुन्या मुलींचं बघून लागलेली सवय. विचारलं तर म्हणायच्या, असं केलं की लाईन साफ येते. मी कधी मोडता घातला नाही. ओळीच्या टोकाला उभं राहिलं की बाराच्या बारा ताया बसल्यासारख्या दिसत, आणि मी लवकर दुसरीकडे बघायचे.

एकदा अशीच एक नवीन पोरगी आली, वीस-एकवीसची, घाबरलेली. मी हेडसेट तिच्या कानावर चढवला आणि ठरल्याप्रमाणे एवढंच विचारलं, "काय ऐकू येतंय?"

तिने ओळीकडे पाहिलं. सगळ्यांची बोटं कानामागे होती. तिचीही हळूच तिथे गेली. मग तिने माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि म्हणाली, "एक आवाज येतोय, दीदी. येतो, जातो."

पोरगी माझ्या तोंडाकडे बघून काही तरी ठोकून देतेय, हे मला कळत होतं. नव्व्याण्णव टक्के कळत होतं. तरी मी तिचा हेडसेट काढला, तिचे केस बाजूला केले आणि सगळ्या बोर्डादेखत माझा कान तिच्या डाव्या कानामागे टेकवला. समोर दिवे लागत होते.  मी बराच वेळ तशीच उभी राहिले, पुरती खात्री होईपर्यंत.